शिवेवरून माघारी आलेला गाडा

गावात पिठाची गिरणी नव्हती, शाळा नव्हती आणि तुमच्या पणज्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही हकिकत. बसा नीट. मध्ये मध्ये कुणी बोललं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवते. माझे गुडघे काही तुमच्यासाठी पुन्हा पुन्हा दुमडायचे नाहीत.

आपल्या कवठटेकला मसाजी नावाचा पोतराज होता. पोतराज म्हणजे मरीआईचा भगत. डोईवर जटा, कमरेला चिंध्यांचा घोळ, पायात घुंगरं, कपाळावर मळवट आणि हातात कोरडा, म्हणजे आसूड. दारोदार जायचा, आपल्याच अंगावर फटके ओढायचा आणि आईच्या नावानं गायचा. त्याचा गळा असा होता, की तो गाऊ लागला की हलगीवाला हलगी वाजवायचं विसरायचा. असं म्हणतात. मी ऐकायला नव्हते, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या नातवंडांनी मला सांगितलंय, आणि ती माणसं थापा मारणारी नव्हती.

मसाजीला पाठची एकच बहीण, ठकू. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला कडेवर घेऊन वाढवलं. तिचे केससुद्धा तोच विंचरायचा. पुढं तिला शेजारच्या आडगव्हाणला दिली. ओढा ओलांडला की आडगव्हाणची शीव, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावरच.

आता गाड्याचं सांगते. त्या काळी पटकी यायची. सकाळी माणूस नांगर धरायचा आणि दुपारी त्याला चार जण उचलायचे. तुम्ही शाळेत शिकलात की पटकी पाण्यातून येते. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मरीआई कोपली, एवढंच ठाऊक. मग गाव काय करायचं, तर लाकडाचा गाडा करायचा, त्यात आईची मूर्ती ठेवायची, हिरवा चुडा, खण, लिंबं, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. गाड्याबरोबर दुखणंही जातं, असा समज. पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं, त्याच्या पुढचं आणखी पुढं. गाडा कुणी ठेवायचा नाही आणि ओढणाऱ्यानं शिवेवर सोडला की मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर दुखणं त्याच्या पाठीमागं घरी येतं.

एका वैशाखात कवठटेकला पटकी लागली. नऊ दिवसांत चौदा माणसं गेली. गाडा सजला आणि तो ओढायचा मान अर्थातच पोतराजाचा. जायचं होतं आडगव्हाणकडं. ठकू तिथं आहे हे मसाजीला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण गाव पाठीशी उभं, पाटील पुढ्यात उभा आणि पोतराजानं नाही म्हणायची रीत नव्हती. आडगव्हाणवाले सांजेच्या आत पुढं ढकलतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. सगळेच तसं म्हणायचे. त्यानं गात गात गाडा नेला, ओढ्यापलीकडं सोडला आणि मागं न बघता परत आला.

पाचव्या दिवशी निरोप आला, ठकू गेली.

मसाजी धावत आडगव्हाणला गेला. ठकूचा नवरा उंबऱ्यावर बसला होता, मांडीवर वर्षाची साळू. मसाजीनं विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

नवरा म्हणाला, "तुझं गाणं शिवेवरून इथवर ऐकू आलं होतं, मसाजी. दोन दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. शेवटी ते गाणं आठवून उठून बसली. म्हणाली, दादा शिवेपर्यंत आला होता? मग घरी का नाही आला?"

एवढंच बोलली होती ती. त्यात राग नव्हता. गाड्याबरोबर भाऊ काय घेऊन आला, हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नव्हतं. भाऊ येऊन पाणीसुद्धा न पिता गेला, याचंच तिला वाईट वाटलं होतं.

त्या दिवसापासून मसाजीचा गळा बसला. बोलता यायचं, पण सूर लागेना. घुंगरं खुंटीला गेली. लोक म्हणाले, आई रुसली. असा तो वर्षभर सुकत गेला. त्याची बायको हौसाबाई त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

मग एका बाजाराच्या दिवशी काय झालं, ते ऐका. बाजारात चिंचेखाली मिशनचा एक म्हातारा उपदेशक उभा राहून ख्रिस्ताची गोष्ट सांगत होता. लोक येत होते, जात होते, शेंगा खात होते. मसाजी मिरची घ्यायला निघाला होता. त्याच्या कानावर एवढंच पडलं, की त्यानं दुसऱ्यांचं दुखणं आपल्या अंगावर घेतलं आणि तो ते घेऊन गावाबाहेर गेला. मसाजी तिथंच थबकला.

त्यानं विचारलं, "बाबा, म्हणजे त्यानं गाडा पुढच्या गावाला नाही सोडला?"

उपदेशक असे हजार प्रश्न ऐकलेला माणूस, पण हा प्रश्न त्याला नवा होता. हातातलं पुस्तक त्यानं मिटलं. मग म्हणाला, "नाही. स्वतःच ओढला आणि स्वतःपाशीच ठेवला."

"मग त्याचं काय झालं?"

"मेला."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी उठला. अजून सगळ्यांची ओझी मागून घेतोय."

मसाजी भर बाजारात मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. ठकू गेली तेव्हा तो रडला नव्हता. असं म्हणतात, की त्या चिंचेखालची माती पुढं कितीतरी दिवस ओली होती. आता ओली होती की नव्हती देव जाणे, पण बाजार त्या दिवशी शेंगा खायचा थांबला, हे मात्र खरं.

घरी येऊन तो हौसाबाईला म्हणाला, "जटा काप." पोतराजाची जटा कापायची म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळायचं. गावातला न्हावी हात लावेना. तेव्हा हौसाबाईनंच विळा घेतला. कापत होती, रडत होती आणि म्हणत होती, "मला काही झालं तर बघ हं." काही झालं नाही तिला. नव्वद वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तंबाखू खाल्ली.

दोघांनी बाप्तिस्मा घेतला. गावानं वाळीत टाकलं, भावकीनं तोंड फिरवलं. मसाजी मिशनच्या शाळेत पोरांच्या रांगेत बसून अक्षरं शिकला, पुस्तक वाचायला शिकला. बारा वर्षांनी तो पाळक झाला आणि मिशनच्या गोऱ्या साहेबानं त्याला कवठटेकलाच पाठवलं. आपल्या वस्तीच्या टोकाला, शिवेजवळ, मातीच्या भिंतींचं प्रार्थनेचं घर उभं राहिलं. सात घरं त्याच्या मागं आली. तो शिकवायचा, समजावायचा, मेलेल्याला माती द्यायचा. फक्त गायचा नाही. मिशनची गाणी सुरू झाली की पाळकबाबा खाली मान घालून उभे. लोक चिडवायचे, मुक्याचं देऊळ म्हणायचे. हौसाबाईनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "ज्या गळ्यानं गाडा नेला, त्या गळ्यानं देवाचं नाव कसं घेऊ?"

असं चाललं होतं आणि पुन्हा वैशाख आला, पुन्हा पटकी आली. वरच्या गावानं गाडा आपल्या शिवेत आणून सोडला. त्याच दिवशी पाच जण पडले. त्यात गावाचा नवा पोतराजही होता. आता गाडा ओढायचा कुणी? दुसऱ्या कुणाची छाती होईना.

तेव्हा पाटील होते कोंडाजी पाटील. म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. त्यांचं मी झाकून ठेवणार नाही. चूक घरातल्या माणसानं सांगावी, म्हणजे बाहेरचे मीठमिरची लावत नाहीत. कोंडाजी पाटील पन्नास माणसं घेऊन प्रार्थनाघराच्या दारात आले.

"मसाजी," ते म्हणाले, "तुझा देव तुझ्यापाशी राहू दे. आमचं काही म्हणणं नाही. पण गाडा तेवढा आडगव्हाणला सोडून ये. नाही म्हणालास तर तुझ्या सात घरांना ओढ्याचं पाणी बंद."

मसाजी उभा राहिला. आडगव्हाणला आता ठकूची साळू नांदत होती. गावातच दिली होती तिला, आणि तिच्या पदरात दोन महिन्यांचं तान्हं होतं. इकडं सात घरांची पोरंबाळं पाण्यावाचून तडफडणार. आणि साहेबाची ताकीद होती, की मूर्तीच्या गाड्याला शिवलास तर पाळकपण गेलं. कुठूनही गेलं तरी कुणाचा तरी जीव जाणार, असा तो पेच होता.

त्यानं मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि गाड्याचा दोर उचलला.

सात घरांतल्या बायका कपाळ बडवू लागल्या, "आपला पाळक बाटला गं!" गावकऱ्यांनी हलगी धरली. मसाजी न गाता गाडा ओढत निघाला. ओढा आला. रीत अशी, की बाकीच्यांनी ओढ्याच्या अलीकडंच थांबायचं. सगळे थांबले. मसाजी एकटा पाण्यात उतरला. मध्यावर आला. पलीकडं आडगव्हाणची शीव, बाभळी, आणि बाभळींमागं घरांची छपरं दिसत होती.

तिथं तो थांबला. आणि मागं वळला.

ओढणाऱ्यानं मागं बघितलेलं उभ्या जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. नुसतं बघितलं नाही, त्यानं गाडाच फिरवला. चाकं गावाकडं झाली. लोकांच्या पायाखालची जमीन सरकली, वाट फुटेल तिकडं पळाले. आणि त्या पाण्यात उभ्या उभ्या, सोळा वर्षांनी, मसाजीचा गळा फुटला. चाकाच्या करकरीवर पाऊल टाकत तो गात आला:

"थांब रे गाड्या, थांब, पुढं नको जाऊ,
पुढल्या गावी नांदती माझे बहीण-भाऊ.
माझं ओझं माझ्या धन्यानं वाहिलं डोईवरी,
आता तुझं ओझं उतरू दे माझ्या दारी."

असं म्हणतात, की गाडा ओढावा लागला नाही, तो त्याच्यामागून आपसूक आला. ओढ्याचं पाणी तेवढा वेळ वाहायचं थांबलं होतं, असंही म्हणतात.

कोंडाजी पाटील दगड घेऊन वाटेत उभे राहिले. "गाव मारतोस का मेल्या!"

मसाजी म्हणाला, "पाटील, आई म्हणता आणि शिवेबाहेर हाकलता? आईला कुणी असं दारोदार ढकलतं का?" त्यानं दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि पाटलांच्या हातात दिली. "ही तुमची, तुमच्या घरी न्या. गाडा मला लागणार आहे." पाटलांच्या हातात मूर्ती आल्यावर दगड कुठं धरणार? तो खाली पडला.

आणि गाडा कशाला लागणार होता? तर आजारी आणायला. घरोघरी माणसं पडली होती आणि त्यांच्याजवळ जायला रक्ताचं माणूस धजत नव्हतं. मसाजीनं पहिल्यांदा त्या नव्या पोतराजाला गाड्यात घातलं आणि प्रार्थनाघरात आणलं. मग दुसरा, मग तिसरा. प्रार्थनाघराचं दार काढून त्यानं त्याची बाज केली. हौसाबाई पाणी उकळायची, तांदळाची पातळ पेज करून त्यात मीठ घालायची आणि चमचा चमचा पाजायची. सात घरांच्या बायका आधी लांब उभ्या होत्या. मग एक आली, मग सगळ्या आल्या. मसाजी मळलेली धडुती जाळायचा, माणसं धुवायचा आणि गात राहायचा. रोज नवी ओवी. लिहून ठेवायला फुरसत कुठली? बायकांनी तोंडपाठ केल्या, म्हणून राहिल्या. त्यातली ही एक आपल्याकडं दळताना सगळ्याच म्हणायच्या, ख्रिस्ती असो नसो:

"येशू माझं माहेर, त्याला कडी ना कुलूप,
दुखल्या जीवा ये रे, इथं माउलीचं रूप."

असं म्हणतात, की ती ओवी कानावर पडली की पोटातली कळ थांबायची.

आठव्या दिवशी कोंडाजी पाटलांची आई पडली. सुना कोपऱ्यात लपल्या. मसाजी गाडा घेऊन वाड्यासमोर आला, तर पाटील बाहेर आले, आईला उचलून गाड्यात ठेवलं आणि दोर आपल्या हातात घेतला. मसाजी म्हणाला, "पाटील, राहू द्या, मी ओढतो." पाटील म्हणाले, "तू गा." गावचा पाटील दोर ओढतोय आणि पुढं मसाजी गातोय, हे सगळ्या गावानं पाहिलं. म्हातारी वाचली. नुसती वाचली नाही, पेजेला मीठ कमी आहे म्हणून हौसाबाईशी भांडली.

बावीस दिवस चाललं. कवठटेकची अकरा माणसं गेली. आडगव्हाणला एकही नाही. बाविसाव्या दिवशी प्रार्थनाघर रिकामं झालं आणि मसाजी पडला.

ही बातमी ओढ्यापलीकडं गेली आणि साळू निघाली. सासू आडवी आली, नवरा आडवा आला. तान्हं सासूच्या हातात दिलं आणि ती निघालीच. डोक्यावर पाण्याचा तांब्या घेऊन ओढा ओलांडून आली. मसाजीनं तिला दारातून पाहिलं आणि ओरडला, "लांब थांब गं बाई! तिथंच ठेव तांब्या!"

साळू थांबली नाही. जवळ बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, "मामा, तू घरी का नाही आलास, असं आई विचारून गेली. बाबांनी सांगितलंय मला. तुला यायला तोंड नव्हतं, तेही सांगितलंय. म्हणून मीच आले. पी आता."

तो तिच्या हातचं पाणी प्याला. मग त्यानं शेवटची ओवी म्हटली. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. साळूनं कान लावून ऐकली:

"सुकल्या ओठी, देवा, तूच पाजलंस पाणी,
बहिणीचं गाव राखलं, हीच माझी ओवाळणी."

दिवस मावळायच्या आत तो गेला. साळूला काही झालं नाही, तिच्या तान्ह्यालाही नाही. मसाजीला माती दिली तेव्हा दोन्ही गावं आली होती, आणि चैत्रातच मोहोर झडून गेलेल्या निंबाला त्या दिवशी पुन्हा मोहोर आला, असं म्हणतात. यावर मात्र कुणी हसायचं नाही.

पुढं साहेब घोड्यावरून आला. दार नसलेलं प्रार्थनाघर आणि आत मरीआईचा गाडा पाहून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं विचारलं, "हा गाडा इथं कुणाचा?" हौसाबाई म्हणाली, "आमचा." मग तिनं सगळं सांगितलं. साहेबानं टोपी काढली आणि बराच वेळ गाड्यापाशी उभा राहिला. जाताना ओव्या कागदावर उतरवून घेऊन गेला.

त्या घराला अजून दार नाही. दोनदा नवं बांधलं, वर पत्रे आले, वीज आली, पण दार लावलं नाही. वैशाखातल्या शेवटच्या रविवारी गाडा ओढ्यापर्यंत नेतात आणि दोन्ही गावांतली आजारी, थकलेली, पाय गेलेली माणसं त्यात बसवून प्रार्थनाघरी आणतात. एक दोर सात घरांचा, एक दोर आमच्या घरचा. आणि दिवाळीत सगळीकडं बायका इडापीडा टळो म्हणतात ना, आपल्या गावात तसं म्हणत नाहीत. टळून जाणार कुठं? शेजारीच ना? आपण म्हणतो, "इडापीडा इथंच विरो."

एवढं बोलून मी उठणार होते. पण कोरोनाचं सांगितलंच पाहिजे. तेव्हा तुमच्यातले काही जण कडेवर होते. गावोगाव शिवेवर बाभळीच्या काट्यांचे फास टाकून रस्ते बंद केले होते. शहरातून माणसं चालत येत होती आणि गावं त्यांना पुढं हाकलत होती. आपल्याकडच्या पोरांनीही फास तोडून आणले होते, खोटं कशाला बोलू? माझे थोरले दीर शिवेवर जाऊन बसले, म्हणून ते टाकता आले नाहीत. सत्तरी उलटलेली त्यांची. त्या पंधरवड्यात आपल्या गावात एक्केचाळीस अनोळखी माणसं राहिली, शाळेत आणि त्या बिनदाराच्या घरात. आणि मग दीर आजारी पडले आणि गेले. घरात मी रडले, चिडलेही. देवाला आणि मसाजीला दोघांनाही बोलून घेतलं.

पण पहिल्या दिवशी मी तिथं होते. एक बाई आली, पाठीला मूल बांधलेलं, पाय सुजलेले. चार गावांनी परतवलेली. ती शिवेच्या अलीकडं पाऊल टाकेना. लांबूनच ओरडून म्हणाली, "थोडं पाणी मिळेल का? पिऊन पुढं जाते मी."

माझे दीर काठी टेकत उठले आणि म्हणाले, "पुढं कशाला, बाई? घरी ये."